दोघींना खिडकी

ती. ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांच्या सध्याच्या अवस्थेत आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकतात. उरलेली तीन मनाने टेकली असं धरून चाल.) मी इथे बरी आहे, तूही तिथे बरी असशील. रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतेस ना? तिकडचं घड्याळ वेगळं आहे म्हणून "आपल्याकडे अजून सकाळ व्हायचीय" असा काहीतरी हिशेब करून दोनदा घेऊ नकोस. खोकला कसा आहे? तुझ्या मुलाला आणि सूनबाईंना आशीर्वाद, नातीला एक पापा. तिचे पुढचे दोन दात पडले असं ऐकलं. ते फेकू नका, मला पाठवा. दुधाचे दात हल्ली बघायलाच मिळत नाहीत, माझ्याकडे येणारी सगळी मंडळी उरलेले मोजत येतात.

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण तुझा फोन सूनबाई कौतुकाने स्पीकरवर टाकतात. मी एकदा हॅलो म्हटलं की पलीकडून चार हॅलो येतात, आणि चार माणसांशी मिळून मला फक्त हवापाण्याबद्दल बोलता येतं. मागच्या रविवारी तुझ्या मुलाने विचारलं, त्याच्या सासऱ्यांना विमानाच्या पहिल्या वर्गाने बोलवायचा विचार आहे, तर मावशी, तू नुकतीच जाऊन आलीस, पैसे वसूल होतात का? मी घाईघाईने म्हणाले, "हो हो, फारच छान." मागून तुझा आवाज आला, "शांत असतं." आणि विषय संपला. तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यात कुसळासारखा टोचतोय. त्याचं खरं उत्तर या पत्रात देते आहे. तुला अशासाठी, की तू त्या विमानात माझ्या पुढच्याच सीटवर होतीस, आणि तरी त्या नऊ तासांत मी काय केलं ते तुला ठाऊक नाही. तू काय केलंस ते मला मंगळवारी कळलं. ते कसं, ते पुढे येईल.

तू कायमची मुलाकडे राहायला जायचं ठरवलंस तेव्हा मी लगेच म्हणाले की पोचवायला मी येते. नऊ तासांचा प्रवास चौऱ्याहत्तराव्या वर्षी तुला एकटीला कसा करू द्यायचा, हे एक कारण. दुसरं असं की मला तुझ्याशी काही बोलायचं होतं. ते माझ्या कवळ्यांच्या लॅबमध्ये बोलता येत नव्हतं. (तिथे फळीवर प्लास्टरचे पन्नास-साठ जबडे मांडलेले असतात. त्यांच्यासमोर मनातलं बोलायला लागलं की सगळे आ वासून ऐकतायत असं वाटतं.) तुझ्याकडे येऊन बोलावं तर तू सामान बांधत होतीस आणि मला दोऱ्या धरायला लावत होतीस. मग मी ठरवलं, विमानात बोलू. नऊ तास. ना दारावरची घंटा, ना डॉक्टरांचे फोन, ना तुला उठून ओटा पुसायची सोय. आणि एवढं बोलायचं तर जरा ऐसपैस बसून बोलावं, आपण दोघींनी जन्मात कधी पाय लांब करून प्रवास केलेला नाही, असा विचार करून मी पोर्सेलिनच्या नव्या भट्टीसाठी बाजूला ठेवलेले पैसे उचलले आणि तिकीटवाल्याकडे गेले.

तिकीटवाला भला माणूस आहे. (वरच्या दोन सुळ्यांमधले चारही दात नकली, पण काम चांगलं झालंय, माझं नाही.) पहिला वर्ग म्हटल्यावर तो उभाच राहिला. त्याने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि विचारलं, "मधल्या दोन शेजारी-शेजारी देऊ, की खिडकीच्या?" आता इथे लक्ष दे, कारण सगळं इथेच बिघडलं. लहानपणापासून खिडकी कायम मला मिळाली. तू आतल्या बाजूला बसून डबा धरायचीस. ते मला आठवलं आणि भरून आलं, आणि मी राणीच्या थाटात म्हणाले, "दोघींना खिडकी द्या." त्या वर्गात खिडकीशी एकच सीट असते हे मला काय ठाऊक! तो बिचारा काहीतरी सांगू पाहत होता, पण मी त्याला बोलू दिलं नाही. म्हणाले, "पैशांचं बघू नका."

विमानतळावरच्या त्या आलिशान बसायच्या जागेत आपल्याला दोन तास मिळाले होते, तेव्हा बोलायला हवं होतं. पण तिथे सगळे इतके हळू बोलत होते की आपणही कुजबुजायला लागलो, आणि कुजबुजून सांगण्यासारखं ते नव्हतं. शिवाय तू फळांच्या टोपलीकडे बघून "हे खरं की शोभेचं?" असं तीनदा विचारलंस आणि मी पाय दाबून देणाऱ्या खुर्चीत अडकले. (अडकले म्हणजे खरोखर अडकले. ती सुरू करायचं बटण सापडलं, बंद करायचं सापडेना. तू लांबून बघत होतीस आणि तुला वाटलं मला मजा येतेय.)

मग विमानात आपल्याला दोन बायांनी दोन दिशांनी हाताला धरून नेलं आणि एकेका कपाटात बसवलं. मी त्याला कपाटच म्हणते. सरकतं दार, खांद्याएवढ्या भिंती, आत पलंग होणारी खुर्ची, आरसा, फुलदाणी. तू पुढच्या कपाटात, मी मागच्या. मला तुझा अंबाडासुद्धा दिसेना. विमान उडताना मी सवयीने तुझा हात धरायला हात पुढे केला आणि तो लाकडी भिंतीवर आपटला.

विमान स्थिर झाल्यावर मी हवाईसुंदरीला बोलावलं (पन्नाशीची असेल, पण सुंदरी खरीच, आणि खालची दातांची ओळ अशी की साचा काढून ठेवावा) आणि मधल्या दोन सीटवरच्या मंडळींना आमच्याशी जागा बदलायला विचाराल का, असं म्हटलं. तिथे एक नवरा-बायको होते, मध्ये पडदी वर केलेली. ती विचारून आली. म्हणाली, साहेब तयार आहेत, पण बाईसाहेब म्हणतात की त्या पडदीसाठीच त्यांनी एवढे पैसे भरलेत.

मग मी तुझ्याकडे यायचं ठरवलं. त्याआधी तिथे मिळालेला झोपायचा सदरा-पायजमा घातला होता, कारण फुकट मिळालेली वस्तू न वापरणं आपल्या रक्तात नाही. मापाचा अंदाज चुकलेला. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या आणि मी ऑपरेशनला निघालेल्या पेशंटसारखी दिसत होते. अशा अवतारात तुझ्या दारापाशी आले तर दाराबाहेर एक लाल दिवा लागलेला. सुंदरी पाठोपाठ आली आणि हळूच म्हणाली, "त्यांनी व्यत्यय नको म्हणून दिवा लावलाय. आम्हालाही आत जाता येत नाही. तुम्हाला काही हवं होतं का?" आता "बहीण हवी होती" असं कसं सांगायचं? मी म्हणाले, "मोसंबीचा रस." अर्ध्या तासाने पुन्हा आले, पुन्हा दिवा, पुन्हा ती, पुन्हा तोच प्रश्न. मी पुन्हा मोसंबीचा रस म्हणाले. असं चार वेळा झालं. ताई, या वयात चार पेले मोसंबीचा रस म्हणजे काय होतं ते तुला सांगायला नको. पुढच्या फेऱ्या मी तुझ्यासाठी मारत नव्हते.

त्यातल्याच एका फेरीत सूटवाले भेटले. पलीकडच्या खिडकीशी बसलेले, भारी सूट, आणि समोर इतकं सुंदर जेवण तसंच गार होत असलेलं. गाल हाताने दाबून बसले होते. मी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं आणि विचारलं, "खालची कवळी नवी आहे का?" ते चपापले. पंधरा दिवसांची होती, डाव्या बाजूला हिरडीला लागत होती, मुक्कामी पोचल्यावर मोठी सभा होती आणि त्यांना धड बोलताही येत नव्हतं. खरं म्हणजे हे काम डॉक्टरांचं, पण माणूस रडकुंडीला आलेला. मग मी सुंदरीकडून भुवयांची पेन्सिल मागून घेतली, हिरडीवरच्या लाल जागेवर त्यांना आरशात बघून टिंब काढायला लावलं, कवळी बसवून काढली, टिंब उठलं तिथे प्रवाशांना दिलेल्या पेटीतल्या नखं घासायच्या कानशीने घासलं. पुन्हा टिंब, पुन्हा घासणं. दर वेळी ते पावाचा तुकडा चावून बघायचे आणि मी त्यांच्या जबड्याकडे बघत बसायचे. पाचव्या तुकड्याला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळं जेवण नव्याने मागवून त्यांनी माझ्यासमोर खाल्लं, आणि खाता खाता आपल्या धाकट्या भावाबद्दल बोलत राहिले, ज्याच्याशी ते एकोणीस वर्षं बोललेले नाहीत. पावणेतीन तास गेले. परक्या माणसाच्या भावाची सगळी कहाणी मी ऐकली आणि माझी सख्खी बहीण बारा पावलांवर दाराआड.

सूटवाले झोपल्यावर मी पुन्हा तुझ्या दाराशी आले. दिवा होताच. आता जे लिहिते ते नीट वाच, कारण एवढ्यासाठीच मी दोन दिवस पेन घेऊन बसले आहे. तो दिवा बघून मला बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. ताईला झोप लागलीय, तिला उठवणं बरं नव्हे, बोलू उतरल्यावर, असं स्वतःला सांगून मी माझ्या कपाटात गेले, खुर्चीचा पलंग केला आणि झोपले. आणि झोपलेही अशी की इतक्या वर्षांत तशी झोप लागली नव्हती. पहिल्या वर्गाबद्दल विचारशील तर गादीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. जाग आली तेव्हा चाकं जमिनीला लागली होती.

जे बोलायचं होतं ते असं. भाऊजी गेल्यावर तिसऱ्या महिन्यात तू एकदा दुपारी लॅबमध्ये आली होतीस. मी मेणात दात बसवत होते. तू फळीवरचा एक जबडा उचललास, उलटसुलट करून बघितलास आणि माझ्याकडे न बघता विचारलंस, "मागची खोली रिकामीच असते का गं?" मी म्हणाले, "असते, पण प्लास्टरची धूळ फार असते, ताई. तुझ्या खोकल्याला बरी नाही." तू "बरं" म्हणालीस, जबडा होता तिथे ठेवलास, आणि भाजी घ्यायचीय म्हणून निघालीस. बारा वर्षं झाली. त्यानंतर तू त्या खोलीचं नाव काढलं नाहीस.

त्या खोलीत धूळ नव्हती. मधलं दार लावलं की कणभरही जात नाही. मी तेव्हा चौपन्नची होते, लॅब नुकती माझ्या एकटीच्या नावावर झाली होती, हव्या त्या वेळी जेवत होते, आणि मला वाटलं, ताई आली की मी पुन्हा धाकटी होणार. केस का विंचरले नाहीस, एवढा उशीर का, हे विचारणारं कुणीतरी घरात असणार. म्हणून धुळीचं नाव सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी मी काय केलं ते तर कुणालाच माहीत नाही. प्लास्टरची बारा पोती त्या खोलीत रचून घेतली. माझं बोलणं मागाहून खरं व्हावं म्हणून.

उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी आपण भेटलो. तू विचारलंस, "झोपलीस ना चांगली?" मी म्हणाले, हो, तू? तू म्हणालीस, "शांत होतं." तेवढ्यात तुझा मुलगा हात हलवत आला आणि मग आठ दिवस आपण दोघी एका मिनिटासाठीही एकट्या नव्हतो.

आता मंगळवारची गोष्ट. तुझ्या मुलाने ऑफिसातून फोन केला (म्हणजे स्पीकर नव्हता) आणि सहज हसत सांगितलं की त्या दिवशी घरी आल्यावर, मावशी अंघोळीला गेली तेवढ्यात, आई चार अंडी आणि अर्धा पाव खाऊन उठली आणि मग तिच्याकडून एकेक निघालं. तुला वाचायचा दिवा लावायचा होता. तू बटण दाबलंस, दिवा लागला नाही, लागला तो दाराबाहेर. मग नऊ तास तुझ्याकडे कुणी फिरकलं नाही. जेवण नाही, चहा नाही, रुमाल नाही. तुला वाटलं पहिल्या वर्गात असंच असतं, मोठी माणसं मागत नसतात आणि त्यांना कुणी त्रास देत नसतं. तू पर्समधला बिस्किटांचा पुडा काढलास आणि आवाज होऊ नये म्हणून एकेक बिस्कीट तोंडात विरघळवून खाल्लंस. आणि मी येईन म्हणून वाट बघत होतीस. धाकटी दमलीय, झोपली असेल, तिने एवढे पैसे घातलेत, तिला झोपू दे, असं म्हणून तूही उठली नाहीस. तुझा मुलगा हे सगळं विनोद म्हणून सांगत होता. मीही हसले. फोन ठेवल्यावर एका डॉक्टरांचा साचा माझ्या हातून पडून फुटला.

परत येताना माझं तिकीट सगळ्यात मागच्या स्वस्त वर्गाचं होतं, तीन सीटमधली मधली. एका बाजूला घोरणारे गृहस्थ, दुसऱ्या बाजूला पोहायला शिकवणारी एक बाई, असे खांदे की हात ठेवायची दांडी तिच्या वाट्याला गेली आणि माझा हात तिच्या मांडीवर. तासाभरात मी तिला खोलीची सगळी गोष्ट सांगितली. पोत्यांसकट. काही अडचण आली नाही. तोंड आणि कान यांच्यात वीतभर अंतर होतं. ती सगळं ऐकून म्हणाली, "हे तुम्ही बहिणीला सांगितलंत?" मी म्हणाले, नाही. "मग मला कशाला सांगताय?" एवढं बोलून ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. उतरेपर्यंत माझा हात बधिर झाला होता.

तर भाच्याला सांग, सासऱ्यांना पहिल्या वर्गाने आणायला हरकत नाही, माणूस एकटा असेल आणि त्याला कुणाशी काही बोलायचं नसेल तर पैसे वसूल होतात. बाकी ठीक. पत्र लांबलं. प्रकृतीला जप.

तुझी,
धाकटी

ता. क. वाचायच्या दिव्याचं बटण खुर्चीच्या डाव्या हाताला, पुस्तकाचं चित्र असलेलं. झोपलेल्या माणसाचं चित्र असलेलं दाबायचं नाही. चष्मा लावून बघत जा.

ता. क. दुसरा. मागची खोली रिकामी केली. पोती काढताना कंबर धरली, पण खोली निघाली ती चांगली ऐसपैस. पूर्वेची खिडकी उघडत नव्हती, सुताराला बोलावून मोकळी करून घेतली. भिंतींना रंग दिलाय, पिवळट, तुला आवडेल असा. (हिरडीचा गुलाबी स्वस्तात मिळत होता, मोह आवरला.) पलंग उद्या येतोय. ताई, मागची खोली रिकामी आहे. येतेस का राहायला? सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे, असंही करता येईल. मला रोज ओरडलीस तरी चालेल.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. पाकिटावर पत्ता घालत होते तेवढ्यात सूनबाईंचा फोन आला. म्हणाल्या, आई आता कोपऱ्यावरच्या कपडे शिवून देणाऱ्या दुकानात आठवड्यातून दोन सकाळी जातात, मालकीणबाईंशी इतक्या हसतात की रस्त्यावर ऐकू येतं. मी तुला तसं हसताना किती वर्षांत ऐकलं नाही ते मोजत बसले. बरं वाटलं. (अर्धं खरं आहे.) म्हणजे मग वरचा ता. क. खोडायलाच हवा. पेन हातात घेतलं होतं. पण खोडलेलं तू उजेडाला धरून वाचणारच, म्हणून तसाच ठेवते. तू "नाही" म्हणालीस तर मी "बरं" म्हणेन आणि भाजी आणायला जाईन. विचारायची पाळी माझी होती, एवढंच.